न पुसलेला बिगुल

जनार्दन सरांच्या खोलीत माणूस एक आणि बिगुल सात होते. त्यातला एक त्यांचा स्वतःचा, फौजेच्या बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त होताना बरोबर आणलेला. बाकीचे सहा शाळेचे. मार्चमध्ये शाळेला कुलूप लागलं तेव्हा बँडच्या कपाटातले ते सहाही त्यांनी पोत्यात भरून खोलीवर आणले होते. मुख्याध्यापिका नलिनी मॅडम म्हणाल्या होत्या, आठ-पंधरा दिवसांसाठी कशाला ही उठाठेव. सर म्हणाले, पितळ आहे मॅडम, कुणाचा हात लागला नाही की हिरवं पडतं. ते आठ-पंधरा दिवस लांबत लांबत आठ महिन्यांवर गेले.

पितळाला निदान सरांचा हात होता, सरांना कुणाचा नव्हता. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गाव बार्शीकडचं, पण तिकडे आता आडनावापलीकडे काही उरलेलं नव्हतं. कोळवणच्या खोऱ्यात गेणबांच्या भातखाचरांच्या कडेला एक खोली भाड्यानं घेऊन ते अकरा वर्षं राहत होते आणि शाळेचा बँड शिकवत होते. जेवणाचा डबा गेणबांच्या घरून यायचा. पूर्वी गेणबांची सून हेमलता तो दारात आणून द्यायची आणि दोन शब्द बोलून जायची. टाळेबंदी लागल्यापासून ती डबा बांधावरच्या दगडावर ठेवायची, लांबूनच हात करायची आणि परत फिरायची. सरांच्या दिवसातलं बोलणं तेवढ्यावर येऊन थांबलं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी त्यांना राहवेना, म्हणून दारात उभं राहून त्यांनी आपल्या बिगुलावर एक लांब सूर धरला. फौजेत मावळतीला धरतात तसा. दुसऱ्या दिवशी हेमलतानं लांबूनच विचारलं, सर, काल कोण गेलं? खोऱ्यातल्या चार घरांत लोक घाबरून बाहेर आले होते म्हणे. तेव्हापासून सरांनी बिगुल तोंडाला लावला नाही. ते नुसते पुसत बसायचे. सहा बिगुलांना सहा पोरांची नावं दिलेली होती आणि पुसता पुसता ते त्यांच्याशी बोलायचे, ओरडायचेसुद्धा. हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि आपणही कुणाला सांगायचं कारण नाही.

नोव्हेंबरात नववी-दहावीचे वर्ग उघडले. अर्धी पोरं यायची, अर्धी नाही, आणि येतील त्यांची तोंडं मास्कखाली. डिसेंबर सरता सरता नलिनी मॅडमनी सरांना बोलावून सांगितलं की यंदा सव्वीस जानेवारीला बँड नको, स्पीकरवर राष्ट्रगीत लावू. ढोल वाजवणारा मास्क लावून वाजवेल, बिगुल वाजवणाऱ्यानं काय करायचं? त्यांचं काही चुकीचं नव्हतं. सर तसे शिस्तीचे, वरिष्ठांना उलट बोलणं त्यांच्या रक्तात नाही. पण त्या दिवशी ते खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले आणि म्हणाले, मॅडम, एकाही पोराला काही होऊ देणार नाही, माझ्यावर सोडा. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. आठ महिन्यांत हा माणूस किती वाळला, हे त्यांच्या बहुतेक तेव्हाच लक्षात आलं. त्या म्हणाल्या, शाळेच्या आवारात नको, मोकळ्यावर करा, आणि एक पोर जरी शिंकलं तरी बंद.

मोकळं म्हणजे कुठं, तर गेणबांची खाचरं. भात काढून झालं होतं, जमीन वाळून टणक झाली होती, धसकटं तेवढी राहिली होती. उतारावर एकाखाली एक अशी बारा खाचरं आणि बँडमध्ये पोरं बारा: सहा बिगुल, चार साईड ड्रम, एक मोठा ढोल, एक झांजा. एका खाचरात एक पोर, मधे बांध. अंतर मोजायला फूटपट्टी नको की चुन्याच्या रेघा नकोत. ही युक्ती सरांना सुचली तेव्हा ते एकटेच हसले आणि लगेच गेणबांकडे परवानगी मागायला गेले.

गेणबांची सत्तरी उलटलेली, त्यात जुना दमा. सप्टेंबरात त्यांचे चुलतभाऊ हैबतराव पौडला दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. प्लास्टिकचे डगले घातलेल्या चार जणांनी त्यांना परस्पर नेलं आणि गेणबांनी ते रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. तेव्हापासून म्हातारा अंगण सोडून कुठं जात नव्हता. सर अंगणाबाहेर उभे राहिले, गेणबा आत बाजेवर, तोंडाला उपरणं.

"वाजवा की," गेणबा म्हणाले. "बँडबिगर आमालाबी करमत न्हाई. पर सर, माजी छाती म्हंजी फाटका भाता हाय. घरात कायबी आलं तर पयला मी जानार. आमची रेश्मा बिगुल वाजिवती. तिच्या तोंडाला दुसऱ्याचं तोंड लागू दिऊ नका, येवढं बगा."

सरांनी शब्द दिला. रेश्मा ही गेणबांची नात, दहावीतली, आणि यंदा बिगुलांची पुढारीण. तिनं सूर उचलला की बाकीचे उचलणार. बोलायला कमी, पण फुप्फुसं अशी की सरांनी अकरा वर्षांत तसली पाहिली नव्हती.

मग नियम झाले. ज्याचा बिगुल त्यानं घरी न्यायचा, त्याच्यावर नावाची पट्टी. बिगुलाचं फुंकायचं तोंड, म्हणजे माऊथपीस, सुटं निघतं. ते हेमलतानं शिवून दिलेल्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचं, घरी गेल्यावर उकळत्या पाण्यात टाकायचं आणि उन्हात वाळवायचं. वाजवताना बिगुलात वाफेचं पाणी साठतं, ते आपल्याच खाचरात केलेल्या राखेच्या खड्ड्यात काढायचं, दुसरीकडे उडवायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम सर रोज सुरुवातीला पोरांकडून प्रतिज्ञेसारखा म्हणवून घ्यायचे: कुणाचंही तोंड लागलेलं आपल्या तोंडाला लावायचं नाही. जुईली नावाची नववीतली आगाऊ पोरगी एकदा वरच्या खाचरातून म्हणाली, सर, देव आला तरी? सर म्हणाले, देव आला तरी.

यातून सरांवर एक गोष्ट सोडून द्यायची पाळी आली. या बँडमध्ये एक रीत होती, ती त्यांनी स्वतःच पाडलेली. सव्वीस जानेवारीच्या आधीच्या शेवटच्या सरावाला ते पुढाऱ्याच्या हातातला बिगुल घ्यायचे, त्यावर लांब पहिला सूर धरायचे आणि तो सूर हवेत असतानाच बिगुल पुढाऱ्याच्या हातात परत द्यायचे. पुढाऱ्यानं तो तसाच तोंडाला लावायचा आणि मग सगळा बँड उठायचा. पुसायचा मात्र नाही. पुसला तर सूर पुसला जातो, असं पोरं मानायची. पुढाऱ्याच्या बिगुलाला सरांचा श्वास लागला नाही तर आयत्या दिवशी आवाज फाटतो, हीही समजूत. याला ती 'सूर देणं' म्हणायची. सरांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की यंदा सूर देणं नाही. पोरांचे चेहरे पडले. रेश्मानं नुसती मान हलवली.

सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी नाकीनऊ आले. बांध अंतर राखतात, पण आवाज पोचायला वेळ घेतात. खालच्या खाचरातला ढोल वरच्या खाचरात अर्धा ठोका उशिरा यायचा, वरचे त्याच्यावर जायचे, खालचे वरच्यांवर, आणि सगळं पथक जिन्यावरून घरंगळलेल्या भांड्यांसारखं वाजायचं. सर ओरडून सांगायचे, कानावर जाऊ नका, हातावर या. मग ते मधल्या उंच बांधावर उभे राहून पांढरा रुमाल हलवू लागले. चार दिवसांत पोरं रुमालावर आली. सर मात्र स्वतः कानावरच होते. डोळे मिटून कोण चुकलं ते सांगेन, अशी त्यांची घमेंड होती आणि ती खोटी नव्हती. अनुष्का दुसरा सूर खेचते, निषादचा ओठ लवकर दमतो, हे ते पाठ फिरवूनही सांगायचे. दुपारी सगळी पोरं आपापल्या खाचरात उभी राहिली की एवढ्या लांबूनसुद्धा आपण माणसांत आहोत असं त्यांना वाटायचं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर बिगुलांची रिकामी खुंटाळी दिसायची, आणि त्याचंही त्यांना वाईट वाटायचं नाही.

अडचण एकच होती. बिगुल सहा, पण माऊथपीस धड चारच. दोघांचे कडेला चिरलेले. एकाचं दुसऱ्याला द्यायचं नाही, म्हणून ती दोन पोरं आळीपाळीनं गप्प राहून नुसती पावलं टाकायची. शेवटी सोमवारी सर एसटीनं पुण्याला गेले. एका जुन्या वाद्यांच्या दुकानात खोकी उपसत दीड तास घालवला. दुकानदाराचा मास्क हनुवटीवर होता. सरांनी दोन माऊथपीस पारखून घेतले, परतीच्या बसला गर्दी होती, उभ्यानं आले. नळावर साबणानं हात धुतले, कपडे भिजत घातले आणि माऊथपीस दोनदा उकळले. पोरांच्या बाबतीत हा माणूस डोळ्यांत तेल घालून होता. स्वतःचं नाक-तोंड काही कुणी उकळून घेत नाही.

शुक्रवारी शेवटचा सराव. ऊन कललं होतं, सहाही बिगुल पहिल्यांदाच एकत्र बोलत होते, सर खुशीत होते. फक्त रेश्माचा पहिला सूर घट्ट निघत होता, घशातून. सर तिच्या खाचराच्या बांधापर्यंत गेले. पोटातून घे, म्हणाले. तिनं घेतला, पुन्हा घट्ट. खांदे सोड, म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सांगायला त्यांच्याकडे शब्द राहिले नाहीत आणि अकरा वर्षांची सवय असलेला हात पुढे झाला. रेश्मानंही सवयीनं बिगुल दिला. पुढच्या क्षणी तो सरांच्या ओठांवर होता आणि त्यांचा सूर खोऱ्यावर पसरत होता.

नऊ महिने कोंडलेला सूर होता तो. बाराही खाचरांत पोरं जागच्या जागी उभी राहिली. जुईली ओरडली, सर सूर देतायत. सरांना भान नव्हतं. सूर हवेत असतानाच त्यांनी बिगुल रेश्माच्या हातात दिला आणि रुमाल काढत उंच बांधाकडे जवळजवळ पळत सुटले. जाता जाता एकदा वळून पाहिलं. रेश्मानं बिगुल पुसला नव्हता. ती त्यांच्याकडे बघत होती, मग तिनं तो ओठांशी नेला. सरांनी रुमाल वर केला आणि सगळा बँड उठला.

संपल्यावर सरांनी टाळ्या वाजवल्या, जे ते कधी करत नसत. "आज सहाच्या सहा एक झाले," ते म्हणाले.

खोलीवर येऊन सदरा काढताना खिशात काहीतरी खणकलं. त्यांचा स्वतःचा माऊथपीस. दाखवायचंच होतं तर हा लावून दाखवता आलं असतं. सर तो तळहातावर घेऊन बसले. मग त्यांनी मनाची समजूत घातली: मी तर ठणठणीत आहे, मला कुठं काय झालंय. रात्रीचा डबा त्यांनी चवीनं खाल्ला.

रविवारी सकाळी ते स्वतःचा बिगुल चमकवायला बसले. पॉलिशच्या डब्याचं झाकण काढलं, फडकं बुडवलं, दोन हात मारले आणि थांबले. डबा नाकाशी नेला. तीस वर्षं ज्या वासानं त्यांचे डोळे चुरचुरत आले होते, तो वास नव्हता. त्यांनी कांदा कापून हुंगला, उदबत्ती लावली, शेवटी रॉकेलच्या बाटलीचं बूच काढलं. कशालाच वास नव्हता.

ते कॉटवर बसले. मंगळवारी सव्वीस जानेवारी. आज तोंड उघडलं तर बँड गेला, मॅडमचा विश्वास गेला, आणि पुन्हा ही खोली. नाही उघडलं तर? सर्दी म्हणून सांगता येईल, मंगळवारी लांबच उभं राहता येईल, कुणाला कळणार आहे. खरं सांगायचं तर लपवायचा हा विचार त्यांनी चांगला तासभर मनात घोळवला. अकरा वाजता समोरच्या अंगणात गेणबा बाज उन्हात ओढताना दिसले. दोन पावलं ओढायचे, थांबून श्वास घ्यायचे, पुन्हा दोन पावलं. त्यांच्या मागोमाग रेश्मा आली आणि तिनं बाजेचं दुसरं टोक उचललं. दोघांची डोकी जवळ आली. सरांनी हेमलताच्या फोनवर फोन लावला. ऑनलाइन तासांपासून तो फोन रेश्माकडेच असायचा.

तीन खाचरांच्या पलीकडे तिनं फोन कानाला लावलेला त्यांना दिसला.

"रेश्मा, आजोबांपासून लांब हो," सर म्हणाले. "आधी लांब हो, मग सांगतो."

ती अंगणाच्या कडेला आली. सरांनी सगळं सांगितलं. वास गेला ते, आणि शुक्रवारचं. मी शब्द दिला होता आणि मीच मोडला, म्हणाले. उद्या तुलाही तपासायला न्यावं लागेल, आईला दे फोन, म्हणाले.

रेश्मा म्हणाली, "सर, मी वाजिवलाच न्हाई."

"काय?"

"तुमी दिल्यावर. तोंडाजवळ नेला, टेकिवला न्हाई. नुसते गाल फुगिवले. घरी जाऊन माऊथपीस उकळला, दोन दिस उनात ठिवलाय पत्र्यावर."

सरांना कळेना. बँड उठला होता, सहाच्या सहा...

"आजा हाय ना घरात," ती म्हणाली. "आनि तुमीच म्हनला हुता, देव आला तरी."

"मग पुसून घ्यायचास की, धुऊन घ्यायचास. सांगायचंस मला."

"पुसला आस्ता तर तुमाला वाईट वाटलं आस्तं, सर."

सरांचा जीव भांड्यात पडला. म्हातारा वाचला, पोर वाचली. पण त्या आनंदाच्याच पाठोपाठ दुसरंही काहीतरी आलं, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली. एवढ्या महिन्यांत त्यांनी एकच गोष्ट कुणाला हातानं दिली होती आणि ती घेतली गेली नव्हती. घेतली नाही हे बरोबर होतं, त्यांनीच तर शिकवलं होतं, तरी लागायचं ते लागलंच. आणि डोळे मिटून माणूस ओळखणारा त्यांचा कान! पाच बिगुल वाजत होते आणि त्यांनी सहा मोजले होते.

"शाब्बास," ते म्हणाले. मग आणखी काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाले, "तूच खरी पुढारीण."

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. त्यांनी नलिनी मॅडमना फोन केला. मॅडम रागावल्या नाहीत, त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या 'बरं सर' म्हणाल्या. त्याच दिवशी पौडच्या दवाखान्यात सरांची तपासणी झाली, आजार निघाला, ऑक्सिजन ठीक होता म्हणून चौदा दिवस खोलीतच राहायला सांगितलं. बँडच्या पोरांनी घराबाहेर पडायचं नाही, झेंडावंदन शिक्षकांपुरतं, राष्ट्रगीत स्पीकरवर. दोन-तीन पालकांनी शाळेत फोन करून हवं नको ते सुनावलं. खाचरात उभं केल्यामुळे पोरं एकमेकांच्या जवळ आली नव्हती, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा ते शांत झाले. गेणबांकडून निरोप आला की डबा चालू राहील. तो मात्र आता बांधावरच्या दगडावरही नाही, त्याच्या अलीकडे काठीनं ढकललेला यायचा.

सोमवारी सरांना ताप आला, खोकला आला. माणसाचा आवाज म्हणून त्यांना स्वतःचा खोकला तेवढा ऐकू येत होता.

मंगळवारी सकाळी ते तरीही गणवेशाचा जुना कोट चढवून दारात बसले. आठला शाळेच्या बाजूनं स्पीकर खरखरला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. सर भिंतीला हात टेकून उठले, ताठ उभे राहिले. गीत गुळगुळीत होतं, कुठं कुणाचा ओठ दमलेला नाही, कुणी सूर खेचत नाही. अख्ख्या खोऱ्यात त्याला वाजवणारं कुणी नव्हतं. संपल्यावर स्पीकर पुन्हा खरखरून बंद झाला आणि कावळे ओरडू लागले. सर खाली बसले. त्यांना रडू आलं आणि ते रडले. बघायला कुणी नव्हतं, म्हणून डोळे पुसायची घाईही केली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"सर, हिकडं बगा," रेश्मा म्हणाली.

ती आपल्या खाचरात उभी होती. गणवेश, वेणी वर बांधलेली, हातात बिगुल. मागं अंगणात गेणबा बाजेवर, तोंडाला उपरणं, आणि हेमलता त्यांच्या शेजारी.

"सूर द्या, सर. हितनं घेते मी. तोंड लागायचा सवालच न्हाई."

सरांना नाही म्हणता आलं नाही. खुंटीवरचा बिगुल त्यांनी काढला, खिशातला माऊथपीस बसवला, ओठ आवळले आणि फुंकलं. नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकलं तर खोकल्याची उबळ आली. छातीत काही नव्हतंच. तीन खाचरांच्या पलीकडे पोरगी बिगुल छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होती, जागची हलत नव्हती.

सरांनी पाठ सरळ केली. बिगुल ओठांशी नेला, तोंड डोंगराकडे वर केलं आणि गाल फुगवले. नुसते गाल. लांब सुराला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले. मग बिगुल खाली घेतला आणि तो अजून हवेत वाजत असल्यासारखा दोन्ही हातांनी तिच्या दिशेनं पुढे धरला.

रेश्मानं आपला उचलला. सूर पोटातून आला, खांदे सोडलेले, कुठंही घट्ट नाही, आणि फाटला तर मुळीच नाही. तो खाचरांवरून सरांच्या दारापर्यंत आला आणि खोलीतसुद्धा गेला. सरांनी डोळे मिटले. "रेश्मा," ते मोठ्यानं म्हणाले, जणू कुणी विचारलं होतं.

फोन अजून चालूच होता.

"मिळाला, सर," ती धापा टाकत म्हणाली.

"नीट ऐकू आला का?" सरांनी विचारलं. हे विचारताना त्यांना शरम वाटली, पण विचारलं.

"व्हय. लई लांब धरला तुमी आज."

सर हसले, हसता हसता पुन्हा खोकले. पोरीचा कान त्यांच्यापेक्षा चांगला होता, तिला काही ऐकू आलेलं नव्हतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते त्यांनी तिला सांगितलं नाही.

हेमलतानं हाक मारली तशी रेश्मा घराकडे गेली. गेणबांनी बाजेवरून एक हात वर केला आणि सूनबाईच्या आधारानं तेही आत गेले. बाराही खाचरं मोकळी झाली. चौदातले दोन दिवस झाले होते, बारा राहिले होते. सरांनी दार लोटलं, कोट काढून घडी केला आणि सवयीनं पॉलिशचा डबा घेऊन बसले. झाकण काढलं, वास अजून नव्हताच. फडकं हातात घेऊन त्यांनी बिगुलाकडे जरा वेळ पाहिलं, मग झाकण लावलं आणि बिगुल तसाच, न पुसता, खुंटीला अडकवला.